चिंगीच्या ताटातलं अंडं

७ मार्च

टिल्लू,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या आईच्या पुढ्यातून उकडलेलं अंडं उचललं गेलं. उचललं म्हणजे अक्षरशः उचललं. वाढणाऱ्या बाईने बशी ठेवली होती, चिंगीने चमचा हातात घेतला होता, तेवढ्यात मागून त्या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकाबाई आल्या आणि म्हणाल्या, यांचं आजपासून बंद. अंड्याच्या जागी पांढऱ्या पावाचे दोन टोस्ट आले, त्यांवर जॅम, आणि वाटीभर दुधातले ओट्स, वर साखर. कोणाच्या सांगण्यावरून, असं चिंगीने विचारलं. तिला ऐकू कमी येत असल्यामुळे उत्तर तीनदा मिळालं आणि अख्ख्या जेवणघराने ऐकलं: "तुमच्या मुलाची सही आहे."

आशीर्वाद लिहायचे राहिले. ते तुला जन्मापासून दिलेले आहेत, परत घेत नाही. आज नवे पाठवत नाही, एवढंच.

फोन केला नाही, कारण फोनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही. माझा उभा जन्म कोर्टात लघुलेखन करण्यात गेला. माणसं स्वतःच्याच तोंडचं वाक्य कसं नाकारतात ते मी रोज समोर बसून पाहिलं आहे. म्हणून लेखी विचारते, लेखी उत्तर दे.

तुझ्या आईला काय झालं आहे हे तुला थोडक्यात परत सांगते, कारण सही करताना तू ते विसरला होतास. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या पोटाचा घेर सुटलेला होता, यकृतावर चरबी साचली होती, साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून चयापचयाचा बिघाड असं नाव दिलं आणि सांगितलं, जपा. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवणाऱ्या बाईने जपायचं म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. ते मी ठरवलं. सकाळी एक अंडं, कधी दोन, बरोबर वाफवलेली भाजी. पाव नाही. जॅम तर घरातच नाही. तिचं पोट भरलेलं राहायचं, अकरा वाजता उठून डबे उघडून बघणं थांबलं. वर्षभरात साखर उतरली, कपडे सैल झाले, जिना चढताना ती बोलू लागली. माझं खुब्याचं हाड मोडलं नसतं तर ती आजही इथेच असती आणि तुझ्यावर सही करायची वेळ आली नसती.

आम्हा दोघींना शाळेत नन्सनी शिकवलं होतं की समोर येईल ते निमूट खायचं. मी त्या शाळेतून बाहेर पडले. चिंगी अजून बाकावर बसलेली आहे. ती तक्रार करणार नाही. तिने मला हे सगळं लिहिलं तेही गंमत म्हणून.

तेव्हा मला कळव: हा सल्ला कोणी दिला, कोणता रिपोर्ट बघून दिला, आणि मधुमेही बाईला जॅम देण्याची अक्कल कोणाची. १७ मार्चच्या आत.

मावशी

*

१४ मार्च

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र रजिस्टर्डने आलं. सहीसाठी पोस्टमनने दारात बोलावलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं मला समन्स आलं. त्यांना म्हटलं, जवळपास तसंच.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. फेब्रुवारीत आईच्या रक्ताची नेहमीची तपासणी झाली. त्यात कोलेस्टेरॉल ठरलेल्या रेघेच्या वर आलं. निवासाचा नियम असा आहे की ती रेघ ओलांडली की अंडं बंद, मग ते कोणीही असो. मुलाची संमती लागते म्हणून कागद आला. मी त्या दिवशी एका अठरा मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो. वर आलो, हात पुसले, सही केली. विचार केला नाही असं म्हणशील. खरं आहे, फार केला नाही. लिफ्टवर आठ माणसं लिहिलेलं असताना नववा चढला तर ती पडतेच असं नाही, पण मी नवव्याला उतरवतो. माझं काम तेच आहे. आईच्या रक्तातला आकडा रेघेच्या वर होता. मी अंडं उतरवलं.

आणि बाबांचं तुला माहीत आहे. ते टेबलावरच गेले, समोर तीन अंड्यांचं ऑम्लेट अर्धं खाल्लेलं. मी समोरच्या खुर्चीत होतो. त्यानंतर आमच्या घरात आई इतकी वर्षं म्हणत आली की ऑम्लेटने नेलं. ती म्हणते आणि तरी खाते, कारण तू वाढायचीस. मला मात्र तिच्या पुढ्यात ते बघवत नाही. रविवारी भेटायला जातो तोही नाश्ता उरकल्यावर जातो, हे तुला आजच सांगतोय.

जॅमचं म्हणशील तर, ती खूश आहे गं. मागच्या रविवारी जरा लवकर पोचलो तर बशीतला उरलेला जॅम बोटाने पुसून खात होती. माझ्याकडे बघून हसली. तिला इतकं मनापासून खाताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुझा खुबा कसा आहे? ही विचारत होती.

तुझा,
टिल्लू

*

१९ मार्च

टिल्लू,

खुबा जागेवर आहे. तुझ्या बायकोला सांग, चौकशीबद्दल आभारी आहे.

आता तुझ्या बाबांचं. माझा मेहुणा भला माणूस होता आणि मेलेल्या माणसाविरुद्ध साक्ष देणं मला आवडत नाही, पण तू त्याला कोर्टात आणलंस. तो दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. छापखान्यात रात्रपाळी करायचा, दिवसा झोपायचा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटरने जायचा. साखर त्याने कधी तपासली नाही, कारण तपासली तर निघेल असं तो म्हणायचा. पण सिगारेट तो गॅलरीत ओढायचा आणि अंडं टेबलावर होतं, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून अंड्याला धरलं.

अंड्यात कोलेस्टेरॉल असतं हे मला ठाऊक आहे. पण खाल्लेलं कोलेस्टेरॉल नळाने सरळ रक्तात जात नाही. बहुतेकांच्या शरीरात यकृत स्वतः तयार करतं ते कमी करून हिशेब जुळवतं. काहींच्यात खरोखर चढतं, आणि चिंगी त्यांतली असेल तर मी निमूट ऐकेन, पण ते तिचं तपासून ठरवा. रेघ ओढून नको. काल माझे डॉक्टर खुबा बघायला घरी आले होते, त्यांना विचारलं. ते सावध माणूस आहेत, माझ्या बाजूने बोलले नाहीत. म्हणाले, अंड्याबद्दल दोन्हीकडून अभ्यास झालेले आहेत. रोज अंडी खाणाऱ्यांत मधुमेह जास्त, असं काहींना दिसलं, काहींना दिसलं नाही, आणि ती माणसं अंड्याबरोबर आणखी काय काय खात होती ते वेगळं काढणं अवघड. एखादं अंडं बहुतेकांना चालतं, इतकंच ते म्हणाले. मग मी विचारलं, आणि मधुमेह्याला पांढरा पाव, जॅम, साखर? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, बाई, हे तुम्ही मला कशाला विचारता.

नवव्या माणसाला उतरवलंस म्हणतोस. उतरवलंस खरं, आणि त्याच्या जागी पियानो चढवलास.

ती बोटाने जॅम पुसत होती म्हणून खूश आहे, हे तू ठरवलंस. भुकेलं माणूसही बशी पुसतं. तिथली आहारतज्ज्ञ म्हणजे काल पास झालेली पोर आहे असं चिंगीच्या पत्रावरून दिसतं. तिला माझ्या वतीने विचार की सकाळी पाव खाल्ल्यावर तुझ्या आईला अकरा वाजता भूक लागते का, आणि लागल्यावर बिस्किटं मिळतात का. आणि तू स्वतः नाश्त्याच्या वेळी जा. समोर बस आणि ताटात काय काय आहे ते बघून मला लिही. दर रविवारी.

मावशी

*

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पोचलं. मोठ्या अक्षरांत लिहिलंस ते बरं केलंस, परवा चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, तो डोक्यावर होता.

आज टिल्लू आला होता. सकाळी साडेसातलाच. हल्ली असाच येतो. माझ्या समोर बसतो आणि ताटाचा फोटो काढतो, मला आधी वाटलं माझाच काढतोय म्हणून मी केस नीट केले. त्याने तुझं पियानोचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या खोलीतल्या वकीलबाईंना इतकं हसू आलं की त्यांचा चहा सांडला. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला आमच्या वेळी कोर्टात का नाही पाहिलं. मी म्हटलं, पाहिली असेल, ती खाली मान घालून लिहीत असायची.

इथे बरं आहे. हवा कोरडी आहे की काय कोण जाणे, रात्रभर घसा सुकतो. जग दोनदा भरून घेते, मग तितक्याच वेळा उठावं लागतं. झोप मोडते म्हणून दुपारी डुलकी लागते. वाचायला घेतलं की अक्षरं पोहतात.

सूनबाईने नव्या सँडल आणल्या. निळ्या आहेत, पट्ट्याला बारीक फूल. त्यांनी उजव्या पायाच्या करंगळीला जरा घासलं, तिथे लहानशी जखम झाली आहे. दुखतबिखत नाही, म्हणून मोजा घालून ठेवते. टिल्लूला लिहू नकोस हं. तिने लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या मनाने माझ्यासाठी काही आणलं, तिला वाईट वाटेल. इथल्या नर्सला मी सांगते की मला पाय गार पडतात, मोजे राहू देत. ती पोर ऐकते माझं.

तुमचं दोघांचं भांडण छान चाललं आहे. त्यामुळे टिल्लू पूर्ण तासभर बसतो. घाईने मिटवू नका.

तुझी,
चिंगी

*

१० एप्रिल

चिंगी,

सँडलचं कोणाला लिहीत नाही, तू म्हणतेस म्हणून. जखमेवर मलम लाव आणि मोजा सुती घाल. सूनबाईच्या भावनांची इतकी काळजी तिने स्वतःही कधी केली नसेल.

घसा हवेने सुकत नाही, जॅमने सुकतो. हे मी टिल्लूला लिहिणार आहे, याला तू मनाई केलेली नाहीस. आणि उद्या कोणी तुला अंड्याबद्दल विचारलं तर हसत बसू नकोस. मला हवं आहे, असं स्पष्ट सांग. मी इथून किती लढणार, तू तिथे मान डोलावत बसलीस तर.

ताई

*

१२ एप्रिल

टिल्लू,

तुझे ताटाचे फोटो मिळाले. तीन रविवार, तीन वेळा टोस्ट, एकदा वर संत्र्याचा रस. रस म्हणजे फळ असं त्या पोरीला वाटत असणार.

आता हे वाच. चिंगीने ६ एप्रिलच्या पत्रात लिहिलं आहे: "रात्रभर घसा सुकतो. जग दोनदा भरून घेते, मग तितक्याच वेळा उठावं लागतं." दुपारी डुलक्या लागतात, वाचताना अक्षरं पोहतात, हेही तिच्याच शब्दांत. याला वाढलेली साखर म्हणतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरी डॉक्टरला दाखव. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही तपासून घे. फेब्रुवारीत सरासरी किती होती तेही मला हवं आहे. म्हणजे अंडं असताना किती आणि अंडं नसताना किती, हे कागदावर समोरासमोर येईल आणि मला कोणाशी वाद घालावा लागणार नाही.

३० एप्रिलच्या आत रिपोर्टची प्रत पाठव.

मावशी

*

२ मे

प्रिय मावशी,

दोन दिवस उशीर झाला, रिपोर्टच काल मिळाला. प्रत जोडली आहे. तुझं म्हणणं खरं निघालं. सरासरी फेब्रुवारीपेक्षा बरीच वर गेली आहे. उपाशीपोटीची साखर तर बघून मी रिपोर्टवर आईचंच नाव आहे ना ते परत वाचलं.

डॉक्टरांना मी तुझी सगळी पत्रं दाखवली. त्यांनी दोन वाचली आणि तिसरं हातात धरून म्हणाले, या बाई अजून नोकरीत आहेत का. मग नीट बोलले. म्हणाले की नाश्त्यातली साखर हे चुकलंच, पण सगळं नाश्त्यावर घालू नका. आईची गोळी जुनी झाली आहे, तिला आता पुरत नाही, आणि हिवाळाभर ती खोलीबाहेर फारशी चाललेली नाही. अंड्याने तिचं कोलेस्टेरॉल वाढतं का ते बघायला तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर अंडं चालू, जॅम आणि रस बंद, गोळी बदलली. निवासाच्या रेघेबद्दल ते व्यवस्थापिकाबाईंशी बोलले. बाई म्हणाल्या, आमच्याकडे साठ माणसं आहेत, प्रत्येकाच्या यकृताला विचारत बसलो तर नाश्ता दुपारी होईल. पण मान्य केलं.

सोमवारी ५ तारखेपासून अंडं परत. तू जिंकलीस. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं की कोणीतरी बघत होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे भांडण संपलं का. तिला जरा चुकल्यासारखं वाटलं बहुतेक.

तुझा,
टिल्लू

*

८ मे

टिल्लू,

रिपोर्ट फाइलला लावला.

जिंकण्याहरण्याची भाषा वकिलांची. मी लघुलेखिका होते, मला नोंद बरोबर झाली म्हणजे पुरे. तरी नोंद झाली याचा आनंद आहे, तो नाकारत नाही. सोमवारी सकाळी मी माझं अंडं पावणेआठला खाल्लं, मुद्दाम.

भाजी देतात का, ते लिहिलं नाहीस. पाव गेला म्हणून बिस्किटं मागच्या दाराने येत नाहीत ना, तेही बघ. रविवारचे फोटो चालू ठेव.

नवे आशीर्वाद पाठवत आहे.

मावशी

*

११ जून

मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, फोडली आणि ठेवली. फोनही केला नाही, कारण तू म्हणतेस ते मला पटायला लागलं आहे, बोललेलं टिकत नाही.

२५ मेच्या रविवारी वकीलबाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाल्या, तुमच्या आईच्या खोलीत वास येतो, मला बोलायला बरं वाटत नाही. नर्सने आईचा उजवा मोजा काढला. मी तिथे होतो. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोट अर्धं. आई आमच्या तोंडाकडे बघत होती, पायाकडे नाही. तिला काही दुखत नव्हतं. साखरेने पायाच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले.

२८ तारखेला दोन बोटं काढली. जखम भरेना, वर चढत गेली. सोमवारी, ९ जूनला, गुडघ्याखाली पाय काढला.

मी डॉक्टरांना विचारलं. तेच विचारलं जे तू विचारलं असतंस, की अंडं बंद झालं नसतं तर. ते म्हणाले, ही बऱ्याच वर्षांची साखर आहे, दोन महिने टोस्ट खाल्ल्याने भर पडली, पण नाश्ता कोणता होता याने या बोटाला फारसा फरक पडला नसता. मोजा कोणी वेळेवर काढला असता तर पडला असता.

मग त्यांनी आईला विचारलं, जखम केव्हाची आहे. तिला ऐकू गेलं नाही म्हणून मी तिच्या कानाशी परत विचारलं. ती म्हणाली, "ताईला विचारा. तिला सगळं माहीत असतं." अभिमानाने म्हणाली गं. तू तिथे उभी असल्यासारखी.

मावशी, तुला माहीत होतं का?

दर रविवारी मी तिच्या समोर तासभर बसलो. टेबलाच्या वर काय आहे ते बघत होतो. तू मला तेच बघायला सांगितलं होतंस. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. मला स्वतःलाही कधी टेबलाखाली बघावंसं वाटलं नाही.

आता डॉक्टर म्हणतात, जखम भरायची तर प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, रोज दोन अंडी द्या. मीच सोलतो. बाबांनंतर पहिल्यांदा अंड्याला हात लावला. बारीक करून चमच्याने ओठांशी नेतो आणि ती तोंड बंद करून घेते. रागाने नाही. मान वळवते आणि खिडकीकडे बघते. दूध दोन घोट घेते. पाच दिवस झाले, ताप उतरत नाही. नवी चप्पल घासून जखम झाली असावी, असं डॉक्टर म्हणाल्यावर हिने निळ्या सँडल कचऱ्यात टाकल्या आणि तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोललेली नाही. डॉक्टर भरवसा देत नाहीत. विचारलं की दुसऱ्या पेशंटकडे जातात.

टिल्लू

*

१८ जून

टिल्लू,

हो. मला माहीत होतं.

तिने ६ एप्रिलला लिहिलं. १० एप्रिलला मी तिला उत्तर लिहिलं की कोणाला सांगत नाही. १२ एप्रिलला तुला लिहायला बसले तेव्हा तिचं पत्र समोर उघडं होतं. तहानेची ओळ मी त्यातून अवतरणचिन्हांत उतरवून घेतली. करंगळी तिच्या खालीच होती. ती उतरवली नाही. तिला वचन दिलं होतं म्हणून, असं मी सांगू शकते, आणि ते खरंही आहे. पण तहान माझ्या बाजूची होती. करंगळी कोणाच्याच बाजूची नव्हती.

मधुमेह्याचे पाय रोज बघायचे असतात हे मला माहीत आहे. ती माझ्याकडे होती तेव्हा मी रोज बघत असे. मी तुला ताट बघायला सांगितलं.

त्या नर्सवर मी चार पानी तक्रार लिहिली. पाय गार पडतात एवढं ऐकून जी मोजे काढत नाही ती कसली नर्स. ती तक्रार टेबलावर आहे. पाठवली नाही. साठ माणसांचे पाय आणि ती एकटी, शिवाय चिंगीने तिला जे सांगितलं ते तिने ऐकलं. मीही तेच केलं, आणि मला तर चिंगी सत्तर वर्षं माहीत आहे.

तुझ्या बायकोला सांग की सँडलने काही झालं नाही. चप्पल सगळ्यांनाच लागते. हे तिला आज सांग, माझं नाव घेऊन सांग.

मी येऊ शकत नाही. जिन्याचे तीन टप्पे मी जानेवारीपासून उतरलेली नाही. काल शेजाऱ्यांना म्हटलं, मला खुर्चीत बसवून खाली न्या. त्यांनी पहिल्या वळणापर्यंत नेलं आणि मलाच दुखणं सहन होईना, परत वर आणावं लागलं. तेव्हा जे काय आहे ते कागदावरच आहे.

आठवडाभर मी आपली सगळी पत्रं परत वाचते आहे. तुझी, तिची, माझ्या कार्बन प्रती. त्यांत अंड्याच्या बाजूचं आहे आणि अंड्याच्या विरुद्ध आहे, तुझे बाबा आहेत, यकृत आहे, माझे डॉक्टर आणि तुझे डॉक्टर आहेत. चिंगीला अंडं आवडतं का, हे मात्र कुठे विचारलेलं नाही. माझ्याकडे होती तेव्हा खायची. खायची म्हणून मी धरून चालले की आवडतं. तू तिला जॅम पुसताना बघितलंस आणि तूही तसंच धरून चाललास. मी तर तिला लिहून कळवलं की तुला अंडं हवं आहे असं सांग. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणाऱ्या वकिलांचा मला जन्मभर तिटकारा होता.

ती तोंड वळवते हे तिचं उत्तर आहे की ताप आहे, मला इथून कळत नाही. तुला तिथे बसून कळत नसेल तर विचार. दोन अंडी द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे, तरी विचार. डावा कान कामातून गेला आहे, उजव्या बाजूला बस. ओरडू नकोस, ओरडलं की ती मान डोलावते आणि ऐकू आल्यासारखं करते. तुला काय खावंसं वाटतं, एवढंच विचार आणि थांब. तिला वेळ लागतो. मधे दुसरा प्रश्न घालू नकोस, पर्याय सुचवू नकोस, माझं नाव काढू नकोस.

ती जे म्हणेल ते तिच्या शब्दांत उतरवून घे. नीटनेटकं करू नकोस. जॅम म्हणाली तर जॅम लिही आणि चमच्याने भरव, काय व्हायचं ते होऊ दे, ते मी माझ्या नावावर घेते. तुझ्यावर रागावली, माझ्यावर रागावली, तर तेही लिही. घरी जायचं आहे म्हणाली, तर कोणतं घर ते विचार आणि लिही. काहीच म्हणाली नाही तर "काही म्हणाली नाही" असं लिही, खाली तारीख आणि वेळ घाल, सही कर.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही. लेखी उत्तर शुक्रवार, २७ जून, दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. ती असली तरी, आणि नसली तरी.

मावशी